दाजींचा टॉर्क पाना

गॅरेजमध्ये त्याला सगळे भंगारशेठ म्हणायचे. हे नाव ठेवलं त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. गॅरेज दाजींचं, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि त्यात खोटं तरी काय होतं? शेठच्या पेटीत एका घराण्याचे दोन पाने सापडतील तर शपथ. बंद पडलेल्या कारखान्याचा लिलाव, जुना बाजार, फुटपाथवर चादर पसरून बसलेला म्हातारा, जिथे स्वस्त मिळेल तिथून त्याने हत्यारं गोळा केली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं. आधी स्वस्तातलं आणायचं, तुटलं की पुन्हा स्वस्तातलंच आणायचं, आणि जे दोनदा तुटेल तेवढंच तिसऱ्यांदा चांगलं घ्यायचं. अकरा वर्षांत चांगलं म्हणावं असं हत्यार त्याला तीनदाच घ्यावं लागलं होतं, आणि हे तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा.

दाजी अगदी दुसऱ्या टोकाला. त्यांच्या हत्यारांचं लाल कपाट होतं, खणाखणात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा कापलेला. संध्याकाळी एक खळगा जरी रिकामा दिसला तरी शटर खाली यायचं नाही. "अरे, घसरलेल्या पान्याने बोट गेलं तर ते जुन्या बाजारात मिळतं का रे?" असं ते शेठला विचारायचे. शेठ म्हणायचा, "दाजी, तुमच्या एका पान्याच्या किमतीत माझी अख्खी पेटी येते." दाजी म्हणायचे, "येते, आणि वर्षाने भंगारात जाते." दोघंही हसायचे. शेठला ते दरवेळी थोडं लागायचं, आणि हे दाजींच्या कधी लक्षात आलं नाही. मनाने सरळ माणसाचा हा दोष असतो, आपल्या थट्टेला धार आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, वेगळ्या पेटीत, टॉर्क पाना होता. नट किती घट्ट झाला ते सांगणारा हा पाना. मुठीवरचा आकडा लावायचा, नट आवळत न्यायचा, आणि ठरलेला जोर आला की पाना आतून 'टक्' करतो. दाजींनी परदेशी बनावटीचा घेतला होता. त्या वर्षी ताईने स्वयंपाकघरात नवा ओटा मागितला होता. पाना आला आणि ओटा पुढची चार वर्षं लांबला. चाकाचे नट आवळायचं काम दाजी स्वतः करायचे. टक् झालं की विषय संपला, पुन्हा त्या नटाला हात लावायचा नाही. "एवढ्या पान्याने हो म्हटल्यावर आपण कोण विचारणारे?" असं ते म्हणायचे.

शेठकडेही टॉर्क पाना होता, अर्थातच स्वस्तातला. त्याच्यावर खुद्द शेठचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून टक् झाल्यावरसुद्धा तो लांब दांड्याचा साधा पाना लावून एकेक नट हाताने पुन्हा ओढून बघायचा, आणि गिऱ्हाइकाला बजावायचा, "पन्नास किलोमीटर चालवा आणि एकदा दाखवून जा." गिऱ्हाईक वैतागायचं, दाजी डोळे मिचकावायचे. पण या खोडीमुळे शेठच्या हातचं चाक अकरा वर्षांत एकदाही ढिलं झालं नव्हतं. त्याला मात्र वाटायचं, चांगला पाना नाही म्हणून आपल्याला हा उपद्व्याप करावा लागतो.

एका सोमवारी दुपारी दाजी दाढ काढायला दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. शेठ एका गाडीची चाकं चढवत होता आणि नेमका त्याचा टॉर्क पाना आतले दात झिजून गरागरा फिरायला लागला. गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं. शेठने इकडेतिकडे पाहिलं आणि लाल कपाटाचा वरचा खण उघडला.

पाना हातात घेतला आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की दाजी इतकी वर्षं कशाबद्दल बोलत होते. वजन कसं मुठीत येऊन बसत होतं. नट ओढताना कुठे खडखड नाही, आणि शेवटी ती टक्, अगदी स्वच्छ. चारही चाकं त्याने त्याच पान्याने आवळली. गिऱ्हाईक गेलं. पाना पुसायला म्हणून त्याने फडकं ओढलं, आणि ग्रीसच्या हातातून पाना निसटला. कंबरेइतक्या उंचीवरून तो सिमेंटच्या जमिनीवर पडला, डोक्यावर.

शेठने तो उचलला. ओरखडा नव्हता. एका नटावर लावून ओढला, टक् झालं. टॉर्क पाना पडला की त्याचा आकडा बिघडू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. कुठल्याही मेकॅनिकला ते माहीत असतं. पडलेला पाना तपासून घेईपर्यंत वापरायचा नाही, हा या धंद्यातला साधा नियम. पण नियम पाळायचा तर आधी दाजींना सांगायला हवं. म्हणजे अकरा वर्षं स्वस्ताचे गोडवे गाणाऱ्या भंगारशेठने अडल्या वेळी कुणाचं कपाट उघडलं, हे सगळ्या गॅरेजला कळणार, आणि पुढची अकरा वर्षं तेच ऐकत बसायचं. त्याला धास्ती वाटली ती या हसण्याची, दुसऱ्या कशाची नाही. त्याने पाना पुसला, आकडा शून्यावर आणला आणि जिथल्या तिथे ठेवून दिला. मग दाजी गाल सुजवून परत आले आणि त्याने त्यांच्यासाठी चहा सांगितला.

बरोबर नवव्या दिवशी सकाळी पावाच्या गाडीचं पुढचं डावं चाक उड्डाणपुलाच्या उतारावर निखळलं. गाडी कठड्यावर आदळून उलटली. ड्रायव्हर या गॅरेजमध्ये नेहमी येणारा, दाजींना उरलेले पाव बळेच देणारा माणूस. त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. ती चाकं गेल्या गुरुवारी दाजींनी चढवली होती.

पोलीस आला, त्याच्याबरोबर गाड्या तपासणारा एक अधिकारी आला. नट झिजलेले नव्हते, तुटलेले नव्हते, ते आपोआप सुटत गेले होते. अधिकाऱ्याने विचारलं, "कुणी आवळले होते?"

"मी," दाजी म्हणाले.

"पाना बघू."

दाजींनी पेटी आणून दिली. पाना, त्याच्यासोबतचा कागद, सगळं नीट जपलेलं. अधिकाऱ्याने पाना हातात फिरवून पाहिला आणि कौतुकाने मान हलवली. "हत्यार एक नंबर आहे," तो म्हणाला, "मग झालं काय?"

दाजींनी बराच वेळ विचार केला. शेठ पाठीमागे उभा होता. शेवटी दाजी म्हणाले, "आवळायचं विसरलो असणार. हाताने लावले आणि पान्याने आवळायचे राहून गेले. दुसरं काय होणार?"

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. पान्यावर संशय घेणं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. ते स्वतःवर संशय घेऊन मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद होतं. शेठने मागच्या दाराने आत जाऊन टॉर्क पान्याचं चौकोनी डोकं टेबलावरच्या शिकंज्यात आवळून धरलं, पाना आडवा ठेवला, मुठीला बादली टांगली आणि आकडा चाकाच्या नटाचा लावला. साधा हिशेब होता. बादली आणि पाणी मिळून बावीस किलोच्या आसपास झालं की टक् व्हायला हवं. तो तांब्याने पाणी ओतत गेला. तेराव्या किलोला पाना टक् म्हणाला. त्याने बादली रिकामी केली, पुन्हा भरली. पुन्हा तेरा. तिसऱ्यांदा ओतताना निम्मं पाणी जमिनीवर सांडलं, आणि तरी तेराच.

तो तिथेच ओल्या जमिनीवर बसला. त्याचा स्वस्तातला पाना मोडला तेव्हा गरागरा फिरून, बोंब मारून मोडला होता. हा मोडला आणि टक् म्हणत राहिला.

त्याच दुपारी त्याने कामाची वही काढली. पाना पडल्यापासून पावाची गाडी धरून दाजींनी तेरा गाड्यांची चाकं चढवली होती. दाजींना जाऊन सांगायचं, हा सरळ रस्ता त्याच्यासमोर होता. शेठने वाकडा धरला. त्याने आपला लांब दांड्याचा पाना पिशवीत घातला आणि पत्ते शोधत निघाला. कुणाच्या दारात, कुणाच्या ऑफिसच्या आवारात, कुणाच्या दुकानासमोर, "इकडून चाललो होतो, म्हटलं चाकं बघून जावं" असं म्हणत तो नट ओढायचा. दाजींनी चढवलेलं चाक, आणि नट अर्धा वळसा, कधी पाऊण वळसा फिरायचा. एका सोसायटीच्या रखवालदाराने तर चाकचोर म्हणून त्याची गचांडी धरली आणि चार माणसं गोळा केली. शेठने ओळखपत्र दाखवलं, हात जोडले, आणि त्या गडबडीतसुद्धा शेवटचा नट आवळूनच तो निघाला. पाच दिवसांत आठ गाड्या झाल्या. चार उरल्या. दोन दूरच्या गावच्या होत्या, दोन कधी जागेवर सापडेनात. चार-पाच दिवस तो त्यांच्या मागे होता, मग स्वतःला सांगू लागला की सुटायचं ते चाक एव्हाना सुटलं असतं. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो! फोन करणं सोपं होतं. पण फोनवर कारण सांगावं लागलं असतं.

इकडे दाजी खचत चालले होते. अपघातानंतर त्यांनी एकाही चाकाला हात लावला नव्हता. त्यांचे वडील शेवटची सहा वर्षं सगळं विसरले होते, पोटच्या मुलाला "आपण कोण?" म्हणून विचारायचे. दाजींच्या मनात तेच बसलं.

एका दुपारी ताईने शेठला घरी बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "काल यांनी मला तीनदा गॅस बघायला लावला," ती म्हणाली. "चप्पल कुठे काढली ते कागदावर लिहून ठेवतात. आणि रोज त्या पाववाल्याकडे दवाखान्यात जाऊन बसतात. तो बिचारा म्हणतो, चुकतं माणसाकडून. तर हे म्हणतात, माझ्याकडून चुकत नव्हतं रे, आता चुकायला लागलंय. मला भीती वाटते रे. तू रोज बरोबर असायचास. तुला कधी जाणवलं का, हे विसरतात ते?"

आता तरी बोलायचं होतं. "थोडंफार," शेठ म्हणाला.

थोडंफार! या एका शब्दाने त्याने बहिणीच्या नवऱ्याला वेड्यात काढलं, आणि बहिणीने डोळ्याला पदर लावला. तरी तो आणखी चार दिवस गप्प बसला.

पाना पडल्याला बावीस दिवस झाले होते, मंगळवार होता. दाजींनी त्याला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी गॅरेजच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, लाल कपाटाची किल्लीही त्यातच होती.

"उद्यापासून तू बघ," दाजी म्हणाले. त्यांची दाढी वाढली होती आणि सदऱ्याचं बटण खालीवर लागलं होतं. "मी हात लावणार नाही आता. कपाट तुझं. टॉर्क पानाही तुझाच. नाहीतरी तुझं ते भंगार..." ते नेहमीची थट्टा करायला गेले आणि मधेच थांबले. "तू सांभाळशील. तू कधी विसरला नाहीस काही."

शेठने किल्ल्यांकडे पाहिलं. ज्या कपाटापुढे अकरा वर्षं त्याला आपण खुजे वाटत होतो, ते कपाट असं चालत त्याच्याकडे येत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि त्याला गप्प राहवेना. याला चांगुलपणा म्हणू नका, तेरा दिवसांचा साचलेला नासका भार होता तो, बाहेर येणारच होता.

"दाजी, तुम्ही विसरला नव्हतात," तो म्हणाला. "पाना माझ्या हातून पडला होता. तुम्ही दाढ काढायला गेला होतात त्या सोमवारी. मी कपाट उघडलं होतं. नंतर बादली लावून तपासला. बावीसला वाजायचा तो तेराला वाजतो."

ताई ताटं उचलत होती, ती तशीच थांबली.

दाजींना पहिल्यांदा समजलंच नाही. "पडला तरी तसला पाना..." असं काहीतरी ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं की शेठला ते बघवेना. तो राग नव्हता. "म्हणजे मी आवळले होते?" त्यांनी विचारलं. "चारही चाकं? मी विसरलो नव्हतो?"

"नाही दाजी. तुम्ही आवळले होते."

"ऐकलंस का गं?" दाजी ताईकडे वळले. "मी विसरलो नव्हतो. मला आठवत होतं, टक् ऐकल्याचं आठवत होतं मला, मीच म्हटलं की भास असणार." आणि साठीकडे झुकलेला तो माणूस टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भावाकडे तिने पाहिलं नाही.

शेठला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं त्याला तसं, काही क्षण.

मग दाजींनी डोकं वर केलं. रडता रडताच त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला होता. "सोमवारपासून," ते म्हणाले. "त्यानंतर मी किती गाड्या केल्या?"

"पाववाल्याची धरून तेरा. आठ मी जाऊन आवळल्या."

"आणि चार?"

"त्या राहिल्या," शेठ म्हणाला.

"आज किती दिवस झाले?" दाजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते उठले. वही शेठच्या पिशवीतच होती. त्यांनी ती ओढून घेतली, चष्मा लावला आणि फोन घेऊन बसले.

पहिला फोन लागला. "गाडी चालवू नका," दाजी म्हणाले, "आहे तिथे उभी करा, मी स्वतः येतो. हो, चूक आमचीच आहे." दुसरा फोनही लागला, तेच बोलणं झालं. तिसऱ्या माणसाने सांगितलं की एक चाक वाजत होतं म्हणून त्याने परवाच दुसरीकडे दाखवून घट्ट करून घेतलं, आणि वर दाजींना दोन शिव्या घातल्या. दाजींनी त्या मुकाट्याने ऐकल्या आणि त्याचे आभार मानले.

चौथा फोन एका बाईने उचलला. दाजींनी तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन त्यांना फोन द्यायला सांगितलं. खोलीत इतकी शांतता होती की तिचं बोलणं तिघांनाही ऐकू आलं.

"ते शनिवारी गेले," ती म्हणाली. "हायवेवर. गाडीचं चाक निखळलं म्हणतात. तुम्ही कोण बोलताय?"

शनिवार म्हणजे तीन दिवसांपूर्वी. ताईने शेठला दार लोटून विचारलं होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी. ताईलाही ते कळलं असावं, कारण तिच्या हातातलं ताट खाली आपटलं.

"हॅलो? कोण बोलतंय?"

दाजींनी फोन कानापासून दूर केला. शेठकडे बघत त्यांनी तो त्याच्यापुढे धरला. शेठने फोन घेतला. तो हातात त्याला फार जड वाटला.

"मी गॅरेजचा माणूस बोलतोय," तो म्हणाला.

"ज्या गॅरेजमध्ये चाकं बसवली होती तेच का?" बाईचा आवाज एकदम जवळ आला. "चाकं तुम्हीच बसवली होती का?"

त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. त्यासाठीच तर फोन त्याच्या हातात आला होता.

"नाही," शेठ म्हणाला. "मी नव्हती बसवली."

शब्द न् शब्द खरा होता. दाजी त्याच्याकडे बघत राहिले. ताई भिंतीला टेकून खाली बसली. पलीकडे ती बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, मग कुणी, मग कुणी बसवली.

दाजींनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला, सदऱ्याचं खालीवर झालेलं बटण चाचपलं, आणि म्हणाले, "मी बसवली होती, बाई. मीच."